मागचा जिना

माझ्या मेलेल्या बापाला आम्ही उभं केलं.

पेटी जिन्याच्या वळणावर अडकली होती. मागचा जिना तो. अरुंद, एका बाजूला लोखंडी कठडा, आणि वळणावर भिंत अशी पुढं आलेली की माणूस वळतो, पेटी वळत नाही. वरचे म्हणत होते खालून ढकला, खालचे म्हणत होते थोडी मागं घ्या. पेटीचा कोपरा भिंतीला घासला आणि चुन्याचा पोपडा आईच्या डोक्यावर पडला. खाली संडासांची दारं. जिन्याखाली कचऱ्याच्या काळ्या पिशव्या रचलेल्या. त्यातली एक कुणाच्या तरी पायानं फुटली आणि चहाचा चोथा पायऱ्यांवर पसरला. वर नेणाऱ्यांचे पाय त्यावरून घसरायला लागले.

शववाहिनीचा ड्रायव्हर कासारवाडीतला जुना माणूस. तो खालून बघत होता. म्हणाला, "आडवी न्हाई जायची ताई. उभी करा. दुसरा इलाज न्हाई."

उभी केली. आणि आतून आवाज आला. अण्णांचं अंग पायाकडं सरकलं, त्याचा तो आवाज. फार मोठा नव्हता. पण मी ऐकला. आईनं ऐकला. तिनं पदर तोंडात कोंबला.

पुढचा जिना रिकामा होता. हे सरळच लिहिते. त्याच इमारतीला पुढून एक जिना आहे. रुंद. ग्रॅनाईटचा. त्यावरून पेटी काय, बैलगाडी गेली असती. त्या दिवशी त्या जिन्याची जाळी अर्धी ओढून घेतली होती आणि तिथं वॉचमन उभा होता. परभणीकडचा पोरगेलासा माणूस, आमच्या ओळखीचा. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. नुसतं म्हणाला, "ताई, मला सांगितलंय तसं करायलोय."

ज्यांनी सांगितलं होतं ते सोसायटीचे चेअरमन. त्यांचं टॅक्सच्या कामाचं ऑफिस आमच्या प्रार्थनामंदिराच्या अगदी समोर. मी सकाळीच त्यांना भेटले होते, हात जोडून. त्यांनी मला खुर्ची दिली. अण्णांचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग म्हणाले, "हे व्यापारी संकुल आहे ताई. दिवसभर गिऱ्हाइकं ये-जा करतात. पुढून मयत आणणं बरं दिसत नाही. मागचा जिना आहे ना."

आहे ना. जसं काही घरात पाहुण्याला बसायला दुसरी खुर्ची आहे ना.

आमच्यात मयत आधी मंदिरात नेतात. तिथं मंडळी गातात, प्रार्थना होते, पाळक चार शब्द बोलतात, आणि मग माती. ज्या ठिकाणी माणूस आयुष्यभर देवासमोर बसला तिथं त्याला शेवटचं ठेवायचं. ही आमची रीत. श्रीमंत मंडळ्यांना दगडी मंदिरं आहेत, अंगण आहे, घंटा आहे. आम्हाला पिंपरीच्या बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर, शेजारीशेजारी दोन गाळे आहेत. मधली भिंत पाडून एक केलेले. खाली मोबाइलची दुकानं, वर दाताचा दवाखाना, कोचिंग क्लास, टॅक्सचं ऑफिस. आणि आम्ही.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगते. कारण हा प्रश्न आम्हाला फार प्रेमानं विचारला जातो. नाव सांगितलं की समोरचा हसून विचारतो, हो, पण मूळचे कोण? मूळचे आम्ही अंबडकडचे. गावाबाहेरचे. माझ्या पणजोबांनी मिशनच्या शाळेपायी धर्म घेतला. धर्म बदलला, रस्ता बदलला नाही. गावाचं मयत वेशीतून जायचं, आमचं ओढ्याच्या कडेनं. बाभळीच्या काट्यांतून. अण्णांनी त्यांच्या बापाला त्या वाटेनं खांद्यावर नेलं होतं. अनवाणी. काटा मोडला तरी थांबता येईना, कारण खांदा सोडला तर पेटी पडली असती. ती गोष्ट ते आम्हाला फार वेळा सांगत. आणि शेवटी दरवेळी म्हणत, म्हणून मी गाव सोडलं. इथं बरंय. इथं कुणाला कुणाची वाट माहीत नाही.

ते ओतकामाच्या कारखान्यात लागले. साच्याच्या वाळूत त्यांचं आयुष्य गेलं. म्हणायचे, भट्टीपुढं सगळे काळेच दिसतात, जात ओळखू येत नाही. हे सांगताना त्यांना हसू यायचं. खरं समाधानाचं हसू.

गाळे घेतले ते मंडळीनं पोटाला चिमटा काढून घेतले. कुणी टर्नर, कुणी हॉस्पिटलात आया, कुणी चाकणच्या कंपनीत हेल्पर. अण्णा पंचांपैकी एक होते. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी माणसं. गाळ्याच्या कागदावर विश्वस्त म्हणून त्यांची सही आहे. ज्या दिवशी ताबा मिळाला त्या दिवशी ते एकटेच आत जाऊन फरशीवर झोपले होते. आई शोधत गेली तर हे उताणे, छताकडं बघत. म्हणाले, आपलं छत बघतोय.

पहिली काही वर्षं बरी गेली. उपासना रविवारी, आणि रविवारी बाकीची दुकानं बंद. कुणाला त्रास नाही. मग हळूहळू कुरबुर सुरू झाली. चपला फार पडतात. तबला खाली ऐकू येतो. क्लासच्या पोरांचं लक्ष जातं. आम्ही तबल्यावर चादर टाकली. गाणी हळू म्हणायला लागलो. ओठातल्या ओठात स्तुती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त आम्ही त्याला शांती म्हणत होतो. मग एक दिवस सोसायटीकडून विनंती आली. विनंतीच आली, हुकूम नाही. की तुमची मंडळी मागच्या जिन्यानं आली-गेली तर सगळ्यांच्या सोयीचं होईल.

पाळकसाहेबांनी सगळ्यांना विचारलं. तेव्हा अण्णा उठले. म्हणाले, "जिना कुठला का असंना. वर पोचल्याशी मतलब." आणि पुढच्या रविवारी मागच्या जिन्यानं सगळ्यात आधी तेच चढले. त्यांच्यामागं आम्ही सगळे.

नुसतं तेवढ्यावर ते थांबले नाहीत. उपासना संपली की अण्णा झाडू घ्यायचे. आपल्या दारापुढं झाडायचे, ते ठीक. पण ते सगळा व्हरांडा झाडायचे. दवाखान्यापुढं, क्लासपुढं, चेअरमनसाहेबांच्या ऑफिसपुढं. वाकून, कोपऱ्याकोपऱ्यातनं. कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा म्हणाले, अण्णा, त्यांचं त्यांना झाडू द्या की. ते म्हणाले, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मी फरशी झाडली तर काय बिघडलं? उद्या कुणी बोट दाखवायला नको, की यांच्यामुळं घाण झाली." आम्हाला ते पटायचं. आम्ही त्याला नम्रता म्हणत होतो.

चेअरमनसाहेब राहायला रावेतला. कधी रविवारी ऑफिस उघडून बसायचे. अण्णांना झाडताना बघून म्हणायचे, वा, काका, काय लख्ख करता. दिवाळीला त्यांनी अण्णांच्या हातात फराळाचा डबा दिला. पुढच्या दिवाळीला पुन्हा. अण्णा तो घरी आणायचे, कौतुकानं उघडायचे. शेजारधर्म बघा म्हणायचे. आम्ही खाल्लं. चिवडा चांगला असायचा.

मातीहून परत आलो त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी तिला चहा दिला तर कप तसाच धरून बसली. आईच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातनं दोनदा तिला मशीनवर घेऊन जावं लागतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलेलं आहे आणि आईला ते न सांगता कळलेलं आहे. ती म्हणाली, "माझा नंबर आता लांब न्हाई. मला मंदिरात न्यावंच लागंल. पर त्या मागल्या जिन्यानं नेऊ नको बाई. मला उभी करू नको."

मी हो म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले मला माहीत नाही. निघोज्याजवळच्या एका कंपनीत मी लाइनवर तपासणीचं काम करते. वायरिंगचे जुडगे समोरून सरकत जातात, चुकलेला बाजूला काढायचा. एवढीच माझी सत्ता. पण आईला हो म्हणाले.

मंडळीतल्या कुणाच्या तरी ओळखीच्या एक बाई निघाल्या, त्या वकील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि साध्या भाषेत सांगितलं. कागदावर तुमची जागा दुकान आहे. दुकानात काय येतं? माल येतो आणि गिऱ्हाईक येतं. मयत हे ना माल, ना गिऱ्हाईक. जोवर कागदावर दुकान आहे तोवर सोसायटी म्हणणार, व्यापारी जागेत हे चालणार नाही. तुम्ही नगररचना खात्याकडं वापरबदल मागा. व्यापारी जागेची प्रार्थनेची जागा करून मागा. मग पुढचा जिना जितका दवाखान्याचा तितका तुमचा.

अर्ज केला. पंच घाबरत होते. आहे ते नीट चाललंय, कशाला वाघाच्या जबड्यात हात. मी आईचं नाव घेऊन रडले. हो, रडले. दुसरं काही हत्यार नव्हतं. शेवटी पाळकसाहेबांनी सही केली आणि मला म्हणाले, सुनावणीला तूच बोल, तुझी भाषा बरी आहे.

मग इमारतीत नोटीस लागली, की कुणाची हरकत असेल तर कळवा. सगळ्यांनी कळवली. ज्या दाताच्या डॉक्टरीणबाई आमच्या म्हाताऱ्यांना पैसे कमी करून देत, त्यांनीही. मला जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, वैयक्तिक काही नाही गं, पण प्रार्थनास्थळ झालं की गाळ्यांचे भाव पडतात. वैयक्तिक काही नाही. आमचं सगळं वैयक्तिक असतं, त्यांचं काहीच वैयक्तिक नसतं.

सुनावणीच्या दिवशी मी कंपनीतून सुट्टी टाकली. आईला मशीनवर न्यायचा तोच दिवस. शेजारणीबरोबर धाडलं. आम्ही नगररचनेच्या ऑफिसात सांगितलेल्या वेळेआधी पोचलो, इस्त्रीचे कपडे घालून, आणि भिंतीला टेकून उभे राहिलो. बाकं रिकामी होती. तरी आम्ही उभे. हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. चेअरमनसाहेब आले आणि सरळ बाकावर बसले, आणि आम्हाला म्हणाले, अहो, बसा की. तेव्हा आम्ही बसलो.

आत अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. त्यांनी आमचं ऐकलं. मी जे पाठ केलं होतं ते बोलले. जागा आमच्या मालकीची, उपासना रविवारी, तक्रार पोलिसांत कधीही नाही. मयताचंही बोलले, पण चाचरत. पेटी उभी केली, हे वाक्य मात्र मी गिळलं.

मग चेअरमनसाहेब बोलले. ओरडले नाहीत. एकही वाईट शब्द नाही. म्हणाले, आमचा कुठल्याही धर्माला विरोध नाही. आम्ही या लोकांना किती सांभाळून घेतलंय ते यांनाच विचारा. मग त्यांनी माझ्याकडं हात केला, मायेनं, आणि म्हणाले, "यांचेच वडील घ्या ना. बरीच वर्षं आमच्या बिल्डिंगमध्ये सफाईला होते. काका म्हणायचो आम्ही. दर दिवाळीला डबा. कधी भेदभाव केला नाही साहेब."

सफाईला होते.

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या कानात दुसरा आवाज आला. पेटीतला. अंग सरकल्याचा.

खरं सांगते, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं समोरासमोर दार, आणि त्यांना एकदाही वाटलं नाही की हा माणूस इथला मालक आहे. वाकलेली पाठ बघितली, हातात झाडू बघितला, आणि बाकीचं त्यांचं त्यांना आधीच माहीत होतं. आणि मला अण्णांचा राग आला. मेलेल्या माणसाचा, स्वतःच्या बापाचा, असा राग की दात करकरले. गाव सोडून, भट्टीत अंग भाजून, गाळ्यावर सही करून, तुम्ही पुन्हा तेच केलंत अण्णा. आपण होऊन केलंत. झाडू त्यांनी दिला नव्हता. तुम्ही घरून नेला होता.

मी पाळकसाहेबांकडं बघितलं. ते खाली बघत होते. योहानमामा पंच आहेत, विश्वस्तही, अण्णांचे जिवलग, दोघांनी मिळून गाळा शोधला होता. तेही खाली बघत होते. कुणीच म्हणेना की साहेब, ते नोकर नव्हते. मला वाटलं, आता म्हणतील. आता म्हणतील.

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, असं करा, दोघं समजुतीनं घ्या. मंडळीनं लिहून द्यावं की ये-जा मागच्या जिन्यानंच राहील, अंत्यविधीसुद्धा. सोसायटीनं हरकत मागं घ्यावी. मग वापरबदलाची शिफारस करायला मला अडचण नाही. चेअरमनसाहेब लगेच तयार झाले. सुंठीवाचून खोकला जात होता त्यांचा. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजेड आला. योहानमामांनी खिशातून पेन काढलं. मागच्या जिन्यावर आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सही होणार होती, आणि आमच्याच पेनानं.

मला आई दिसली. मशीनला जोडलेली. हाताला पट्टी.

मी उठले. खुर्ची मागं सरकून भिंतीवर आपटली. मला वाटत होतं मी ओरडणार, पण आवाज अगदी खाली आला.

"माझा बाप तिथं सफाईला नव्हता. तो त्या जागेचा मालक होता. तुमच्या दारापुढं झाडत होता, कारण तुम्हाला भीत होता. आणि तो मेल्यावर आम्ही त्याला त्या जिन्यात उभं केलं. ही अट मला मान्य नाही."

अधिकारी म्हणाले, बाई, तुम्ही विश्वस्त आहात का? मी म्हणाले, नाही, मी त्यांची मुलगी आहे. ते म्हणाले, मग अट मान्य करायची का नाही ते विश्वस्त ठरवतील. बरोबरच होतं त्यांचं. मी योहानमामांकडं वळले आणि म्हणाले, "मामा, तुमची पेटी पण तिथूनच जाणार आहे."

मामांचं पेन उघडं होतं. त्यांनी ते बराच वेळ तसंच धरलं. मग टोपण लावलं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, आम्हाला विचार करायला मुदत द्या. अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. चेअरमनसाहेब माझ्याकडं बघत राहिले, खरंच दुखावलेले. दारात म्हणाले, "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. काका असते तर असं बोलले नसते."

नसतेच बोलले.

यानंतर काही चांगलं झालं असेल असं कुणाला वाटत असेल तर नाही झालं. अर्ज पडून आहे. पाळकसाहेब दरवेळी विचारून येतात आणि तेच उत्तर घेऊन येतात. मंडळीतली माणसं कमी झाली. काहींनी मला तोंडावर सांगितलं की हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं लागायला लावलंस. एक मावशी म्हणाल्या, तुझ्या बापानं जुळवलेलं तू मोडलंस. मी त्यांना उलट बोलले नाही. त्यांना मुलीचं लग्न मंदिरात लावायचं आहे आणि सोसायटीनं आता मांडवाची फुलंसुद्धा पुढून आणायला मनाई केली आहे. त्यांच्या पोटातली भीती मला कळते. माझ्याही पोटात तीच आहे. रात्री मी उठून आईच्या नाकाशी बोट धरते. आईला जगवायची माझी धडपड असते, त्यात अर्धी माया आहे आणि अर्धी ही भीती, की जिन्याचं ठरायच्या आत ती जाऊ नये. असं वाटणं पाप आहे का, हे मी पाळकसाहेबांनाही विचारलेलं नाही.

पण रविवारी उपासना झाली की झाडू आता मी घेते. आमच्या दारापुढं झाडते. उंबऱ्यापासून आमची फरशी जिथं संपते तिथवर. पुढं नाही. पलीकडं धूळ साठते. चेअरमनसाहेबांच्या दारापुढं पानं, केरकचरा, चहाचे कागदी कप. एकदा आमच्यातल्याच एका म्हाताऱ्या बाई सवयीनं पुढं झाडायला गेल्या. मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, कचरा बघवत नाही गं. मी म्हणाले, मग बघू नका. आणि मी पुढच्या जिन्यानं येते, पुढच्या जिन्यानं जाते. एकटीच बहुतेक वेळा. वॉचमन खाली मान घालतो. त्याला सांगितलेलं आहे, पण चालत्या माणसाला तो हात लावत नाही.

गेल्या आठवड्यात मंदिरातल्या लांब बाकाचा पाय मोडला. सुताराकडं न्यायचा होता. बाक लाकडी, जुना, अण्णांनीच आणलेला. माणूस आडवा झोपेल एवढा लांब. योहानमामा म्हणाले, रविवारी नेऊ, सगळं बंद असतं. मी म्हणाले, नाही, शनिवारी माझी पहिली शिफ्ट आहे, दुपारी येते. ऑफिसं उघडी असताना नेऊ.

दुपारी मी, मामा आणि मंडळीतल्या दोघी बायका. बाक उचलला. व्हरांड्यातनं पुढं निघालो. क्लासमधल्या पोरांनी माना वळवल्या. चेअरमनसाहेब ऑफिसातून बाहेर आले. म्हणाले, हे काय, सामान मागून न्यायचं ठरलंय ना. मामा थबकले. बाकाचं वजन माझ्याकडं कललं.

मी म्हणाले, "मागं वळत नाही साहेब. आम्ही बघितलंय."

ते काही तरी बोलले, मी ऐकलं नाही. मी पाऊल टाकलं. मामांना टाकावंच लागलं. पायरी, मग पायरी. वळणावर मी मुद्दाम थांबले. खांदा भिंतीपासून किती लांब राहतो ते बघितलं. कठड्याशी कुठं हात वर घ्यावा लागतो ते बघितलं. बाक कुठंच अडला नाही. तिरका झाला नाही. आडवाच खाली आला. जाळी अर्धी ओढलेली होती. वॉचमन जाळीला हात लावून उभा होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. त्यानं जाळी सरकवली.

रस्त्यावर बाक ठेवला तेव्हा मामांना धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बाक सुताराकडं न्यायला हातगाडी खालीच मिळते, हातगाडीवाला वर येऊन उचलून नेतो, हे त्यांना माहीत होतं. आपण काय करून बघितलं ते त्यांना कळलं होतं. रुमाल काढून तोंड पुसलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती अंथरुणावर होती. आता ती बसत नाही फारशी. मी म्हणाले, आई, मी बघून आले. आडवी जातेस तू. तिनं विचारलं, "अन्‌ त्यांनी जाळी लावली तर?"

मी तिच्या पायाला तेल लावत होते. म्हणाले, लावू दे. जाळीपुढं तुला खाली ठेवीन. तिथंच बसेन. उन्हात, बाजारात, सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत. मंडळी आली तर गातील, मोठ्यानं. नाही आली तर मी एकटी गाईन. जाळी उघडेपर्यंत तुझी माती होणार नाही.

आईनं दुसरा पाय पुढं केला. मग म्हणाली, बरं.

अर्ज मंजूर होईल, न होईल. कागदावर ते दुकान राहील, न राहील. आईला मी पुढच्या जिन्यानं नेणार. दिवसा. आडवी.